मोठे टायर टाकल्यावर गाडी ओढत नाही? गॅरेजला येण्याआधी हे तपासा

वाईत माझं गॅरेज आहे आणि पसरणी घाट दारातच आहे, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे जरा जास्तच येते. सुट्ट्यांच्या दिवसांत तर आठवड्याला एक ठरलेली. गाडी आत येते, करकरीत नवे टायर, चकचकीत अलॉय, आणि मालक म्हणतो, "पिकअपच गेला हो. प्लग बदला, फिल्टर बदला, काय ते बघा." मी बॉनेट उघडायच्या आधी चाकाशी उकिडवा बसतो आणि टायरवरचे आकडे वाचतो. दहातल्या चार-पाच वेळा काम तिथेच संपतं.

उरलेल्या पाच-सहा वेळा मात्र दोष टायरचा नसतो, आणि लोक उगाच नव्या टायरला शिव्या घालत असतात. म्हणून खालचा क्रम पाळा. सगळ्यात फुकटची गोष्ट आधी, खर्चाची शेवटी.

लक्षणं

टायर किंवा चाकाचं माप बदलल्यानंतर यातल्या दोन-तीन गोष्टी एकदम सुरू झाल्या असतील, तर हे लिखाण तुमच्यासाठी आहे:

- घाटात ज्या वळणावर गाडी तिसऱ्या गिअरवर निघायची, तिथे आता दुसरा टाकावा लागतो.
- चढावर गाडी उभी करून परत उचलताना हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागतो, क्वचित जळका वास येतो.
- पाचव्या गिअरमध्ये ज्या वेगाला गाडी आरामात चालायची, तिथे आता इंजिन गुरगुरतं, थरथरतं.
- सपाट हायवेवर मात्र गाडी छान, उलट जास्तच शांत वाटते.
- टाकी फुल करून काढलेलं मायलेज कमी आलंय.
- मोबाइलवरचा जीपीएसचा वेग आणि गाडीचा काटा आता अगदी तंतोतंत जुळतात.
- स्टिअरिंग पूर्ण वळवलं की, किंवा चार माणसं बसून खड्ड्यात गेली की, चाकाकडून खर्रकन आवाज येतो.

शेवटून दुसरं लक्षण वाचून लोक खूश होतात. खूश होऊ नका. कंपनी स्पीडोमीटर असा लावते की तो खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, त्यामुळे तो मुळात थोडा जास्त दाखवतो. काटा ८० वर असताना जीपीएस ७६-७७ म्हणतोय, ही निरोगी गाडी. दोन्ही ८० म्हणत असतील तर चाकाचा घेर वाढलाय.

आणि एक महत्त्वाचं. गाडी झटके देत असेल, काळा किंवा निळा धूर सोडत असेल, इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, किंवा ओढ हळूहळू महिना-दोन महिन्यांत कमी होत गेली असेल, तर ती वेगळी बिमारी आहे. टायरमुळे होणारा फरक ज्या दिवशी टायर बसतात त्याच दिवशी येतो आणि मग तसाच राहतो, वाढत नाही.

पहिली तपासणी : आकडे वाचा (खर्च शून्य)

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर किंवा दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर कंपनीने दिलेलं टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. आता टायरच्या बाजूवरचं माप वाचा. दोन्ही एकच आहेत का?

हे आकडे कसे वाचायचे ते एकदा नीट समजून घ्या, आयुष्यभर कामाला येतं. उदाहरण म्हणून स्विफ्ट घेतो, कारण गल्लोगल्ली आहे. २०१८ च्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतो. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३५५.६ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दोनदा धरायची. पूर्ण चाकाची उंची झाली ६१९.६ मिमी.

त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ येतो. गणित करा : ६२१.५ मिमी. म्हणजे रिम एक इंचाने मोठं, टायर २० मिमी रुंद, पण चाकाची उंची जवळपास तीच. दोन मिलिमीटरचा फरक. कंपनीने हे मुद्दाम केलंय. रिम वाढलं तर भिंत कमी करायची, म्हणजे बाहेरचा घेर तोच राहतो. "पंधरा इंची टाकले म्हणून गाडी मेली" असं म्हणणाऱ्याला मी हेच दाखवतो. इंचाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

घोळ होतो तो इथे. एकाने पंधरा इंची अलॉय घेतले आणि त्यावर २०५/६५ आर१५ टायर चढवले, कारण ते स्वस्तात मिळाले. हे माप जुन्या इनोव्हाचं. उंची ६४७.५ मिमी. मूळ चाकापेक्षा २८ मिमी जास्त, म्हणजे साडेचार टक्के.

काही नेहमी बघायला मिळणारी उदाहरणं देतो, सगळी वरच्याच गणिताने काढलेली. अल्टो ८०० चं मूळ माप १४५/८० आर१२, उंची ५३६.८ मिमी. त्यावर तेरा इंची रिमला १४५/८० आर१३ चढवला की ५६२.२, पावणेपाच टक्के वाढ. एवढ्याशा इंजिनाला ही वाढ फार झाली. बोलेरोच्या २१५/७५ आर१५ वर "रुबाब" म्हणून २३५/७५ आर१५ टाकतात : ७०३.५ वरून ७३३.५, सव्वाचार टक्के. थारच्या बाबतीत मात्र उलट गंमत. २०२० च्या थारला कंपनीच दोन मापं देत होती, २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८. रिममध्ये दोन इंचांचा फरक, चाकाच्या उंचीत दोन टक्क्यांचाही नाही.

माझा स्वतःचा नियम : दोन टक्क्यांच्या आत असेल तर टायरच्या मापावर आरोप करू नका, पुढच्या तपासण्यांकडे वळा. तीन टक्क्यांच्या वर असेल तर आरोपी सापडला, तरी बाकीचं तपासा, कारण कधीकधी साथीदारही असतो.

साडेचार टक्क्यांनी असं काय बिघडतं?

हा प्रश्न मला मेढ्याच्या एका गणिताच्या सरांनी विचारला होता. "अहो, शंभरात साडेचार मार्क कमी पडले तर कोणी नापास होतं का?" मी म्हटलं, "सर, पस्तीसवर बसलेला होतो ना."

इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून, मग फायनल ड्राइव्हमधून (चाकांआधीची गिअरची शेवटची जोडी) चाकापर्यंत येते. चाक ती ताकद रस्त्यावर लावतं ते त्रिज्येच्या टोकाशी. पाना लांब धरला की नट सैल करायला जोर कमी लागतो. इथे बरोबर उलटं आहे. इंजिन मधल्या नटाच्या जागी बसून फिरवतंय, त्यामुळे चाक जितकं मोठं तितकी रस्त्यावरची ओढ कमी. घेर साडेचार टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअरमधली ओढ जवळपास तेवढीच घटते. फायनल ड्राइव्ह समजा ४.१ ची असेल, म्हणजे गिअरबॉक्सकडून ४.१ फेरे आले की चाकाचा एक, तर गाडी आता ३.९२ ची असल्यासारखी वागते. गिअरबॉक्स न उघडता तुम्ही गाडीचे सगळेच्या सगळे गिअर लांब करून टाकले.

आता घाटाचं गणित. चार माणसांसह गाडीचं वजन १२०० किलो धरा. १० टक्के चढावर नुसतं वर सरकायला १२० किलोची ओढ लागते. हवा आणि टायरचं घर्षण मिळून १५ किलो धरा. एकूण १३५. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, इंजिन समजा १५० किलो ओढ देतंय. शिल्लक राहिली १५. वेग वाढतो तो या शिल्लकीवर, एकूण ओढीवर नाही. आता चाक साडेचार टक्क्यांनी मोठं करा. १५० चे झाले १४३.५. खर्च १३५ चा तसाच. शिल्लक साडेआठ. ओढ साडेचार टक्क्यांनी गेली, पण पिकअप जवळपास निम्मा झाला. त्यातून वेग थोडा पडला, इंजिनचे फेरे कमी झाले, की तेवढीही शिल्लक राहत नाही आणि दुसरा टाकावाच लागतो.

सपाट रस्त्यावर शिल्लक भरपूर असते, म्हणून तिथे फरक जाणवत नाही. पुण्यात गाडी बरी आणि घाटात आजारी, ही तक्रार खोटी नसते.

आणखी एक भर. घासून गेलेला टायर नव्यापेक्षा लहान असतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, १.६ मिमीवर टायर बाद. म्हणजे व्यासात जवळपास १३ मिमीचा फरक, स्विफ्टच्या चाकाला दोन टक्के. तुम्ही गुळगुळीत झालेल्या मूळ टायरवरून थेट नव्या मोठ्या टायरवर आलात, तर तुम्हाला जाणवणारा फरक साडेचारचा नाही, साडेसहाच्याही वरचा आहे. कंपनीच्याच मापाचे नवे टायर टाकल्यावरही काही लोकांना गाडी "जरा जड" वाटते ती यामुळे. ते खरं आहे आणि त्याला काही करायचं नसतं.

दुसरी तपासणी : हवा (खर्च शून्य ते दहा रुपये)

हसू नका. टायर बसवणारा मुलगा घाईत असतो, त्याच्या गेजचा काटा कधी बरोबर, कधी अंदाजे. स्टिकरवर ३३ असताना २५-२६ भरलेले टायर मी कित्येकदा पाहिलेत. हवा कमी म्हणजे टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि उघडतो, आणि त्या दबण्या-उघडण्यात ताकद उष्णता होऊन जाते. रुंद टायरला हा त्रास जास्त. शिवाय रुंद टायर हवा कमी असली तरी डोळ्यांना भरलेला दिसतो, फसवतो.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेल्या गाडीचा आकडा धरू नका. एकाच पंपावर विश्वास नसेल तर दुसरीकडेही बघा. टायरच्या बाजूवर जो मोठा दाब कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा आकडा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

तिसरी तपासणी : स्टेपनी बाहेर काढा (खर्च शून्य, घाम थोडा)

ही माझी आवडती. अलॉय घेणाऱ्या बहुतेकांची स्टेपनी जुन्याच मापाची राहिलेली असते. ती बाहेर काढून नव्या चाकाशेजारी उभी करा आणि वर एक सरळ फळी आडवी ठेवा. दोन्हीत एक बोट किंवा त्याहून जास्त फरक दिसला, तर गणित न करताही कळलं.

जास्त अचूक हवं असेल तर अंगणात खडूने रेघ मारा, टायरवर बरोबर खाली जमिनीला टेकतो तिथे खूण करा, गाडी सरळ ढकलत खूण परत खाली येईपर्यंत न्या, आणि अंतर मोजा. हा आकडा व्यासावरून काढलेल्या घेरापेक्षा थोडा कमी येईल, कारण वजनाखाली टायर दबलेला असतो. घाबरू नका. तुलना नवी-जुनी करायची आहे, दोन्ही एकाच पद्धतीने मोजली की झालं.

स्टेपनी बाहेर काढलीच आहे तर तिच्याबद्दल एक इशारा. वेगळ्या मापाची स्टेपनी पुढच्या चाकाला लावून लांब जाऊ नका. पुढून ओढणाऱ्या गाडीत दोन बाजूंना दोन घेर असले की डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. पंक्चर पुढचं झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. फोर-बाय-फोर गाडीत चारही चाकं एकाच घेराची नसतील तर कोरड्या डांबरावर फोर-व्हील अजिबात टाकू नका, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, जातो.

चौथी तपासणी : फेरे आणि जीपीएस

हिच्यातून कोणाला सुटका नाही. क्लच पूर्ण सोडलेला असताना इंजिनचे फेरे आणि चाकाचा वेग लोखंडाने एकमेकांना बांधलेले असतात. ते खोटं बोलूच शकत नाहीत. खोटं बोलतो तो स्पीडोमीटर.

रिकामा, सपाट रस्ता बघा. चौथा गिअर टाका आणि शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर जीपीएसचा वेग वाचायला सांगा. ड्रायव्हरने मोबाइल हातात घ्यायचा नाही, हे सांगायला लागू नये. जीपीएसवर ६० स्थिर करून फेऱ्यांचा आकडा बघा. काट्यावर नीट कळत नाही, म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती इथून वाचता येते) लावायचं स्वस्त यंत्र मिळतं, ते बरोबर आकडा देतं. आता तोच प्रयोग कंपनीच्या टायरवरच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गाडीवर करा. मित्र-पाहुण्यांत एक तरी सापडतेच.

तुमचे फेरे साडेचार-पाच टक्क्यांनी कमी : म्हणजे दुसऱ्या गाडीचे २२०० तर तुमचे २१०० च्या आसपास. टायरचं माप हेच कारण. इंजिनला हात लावू नका.

फेरे सारखेच, तरी गाडी ओढत नाही : टायरच्या मापाचा दोष नाही. पुढे वाचा.

आता त्याच चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला रेस पूर्ण दाबा. फेरे आणि वेग हातात हात घालून वाढले पाहिजेत. फेरे एकदम वर पळाले आणि वेग मागे राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. मोठ्या टायरने क्लचवर भार वाढतोच. गाडी उठताना क्लच पूर्ण धरेपर्यंत जो वेग गाठावा लागतो तो साडेचार टक्क्यांनी वाढतो, आणि प्लेटवर जाणारी उष्णता वेगाच्या वर्गाने, म्हणजे साधारण नऊ टक्क्यांनी. मरायला टेकलेली प्लेट नव्या टायरांनंतर महिन्याभरात जाते, आणि नाव टायरचं होतं.

पिकअप स्टॉपवॉचने मोजणार असाल तर तेही जीपीएसवर मोजा. गाडीचा काटा ६० म्हणतो तेव्हा तुम्ही मोठ्या टायरवर पूर्वीपेक्षा जास्त वेगात असता, मग वेळ जास्त लागणारच. काही लोक याच आकड्यावरून गाडी आहे त्यापेक्षा जास्त मेलेली ठरवतात.

मायलेजचंही तसंच. किलोमीटरचा काटा चाकाचे फेरे मोजतो. मोठं चाक प्रत्येक फेऱ्यात जास्त जातं, पण काट्याला ते माहीत नसतं. काटा ४०० म्हणतो तेव्हा तुम्ही ४१८ गेलेले असता. मायलेज काढताना आधी ही दुरुस्ती करा. "लिटरला एक किलोमीटर गेला" म्हणणाऱ्यांचा बराचसा किलोमीटर कागदावरच परत मिळतो.

पाचवी तपासणी : चाक मोकळं फिरतंय का

टायर बदलताना चाकं निघालेली असतात. कधी त्याच वेळी मागचे ड्रम साफ करून हँडब्रेक जास्त ओढून ठेवलेला असतो. कधी जुना कॅलिपर (डिस्क ब्रेक दाबणारा भाग) त्याच सुमाराला अडकायला लागतो. ब्रेक किंचित धरलेला असेल तर गाडी अगदी मोठे टायर टाकल्यासारखीच वाटते.

सोपी परीक्षा : सपाट मोकळ्या जागी गाडी न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा, आणि ती किती सहज घरंगळते बघा. मग दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो ब्रेक कमी वापरत, चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हाताचा पंजा न्या. लावायचा नाही, जवळ न्यायचा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर ते धरतंय. घाट उतरून आल्यावर ही परीक्षा करू नका, तेव्हा चारही तापलेली असतात.

जॅकवर घेऊन हाताने फिरवूनही बघता येतं. पण गाडीखाली जायचं नाही, उरलेल्या चाकांना दगड लावायचे, आणि गाडीसोबत आलेल्या कात्री जॅकवर इंजिन चालू करून गिअर टाकण्याचा मूर्खपणा करायचा नाही. हे करणारे लोक मी पाहिलेत.

सहावी : एअर फिल्टर, आणि घाटाची उंची

फिल्टर पाच मिनिटांचं काम. काढा, उन्हाकडे धरा, उजेड दिसत नसेल तर बदला. हार्वेस्टरच्या दिवसांत आमच्या भागातल्या गाड्यांचे फिल्टर भुशाने भरलेले असतात.

उंचीचं मात्र लोक विसरतात. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का ताकद गमावतं. पाचगणी साधारण १३०० मीटरवर आहे. मुंबईहून आलेली गाडी पसरणी घाटाच्या माथ्यावर पोचेपर्यंत बारा-तेरा टक्के ताकद हवेतच सोडून आलेली असते, त्यात चढ, त्यात एसी, त्यात पाच माणसं आणि येताना स्ट्रॉबेरीची खोकी. मुंबईच्या माणसाने पाचगणीत गाडीबद्दल मत बनवू नये. टर्बो डिझेलला हा त्रास बराच कमी.

सातवी : वजन

चाकं काढायची वेळ आलीच तर धान्याच्या काट्यावर एकेक ठेवून बघा. मी माझ्याकडे तोलल्यात : लोखंडी चौदा इंची रिम मूळ टायरसह साडेतेरा किलोच्या आसपास, आणि बाजारातलं स्वस्त पंधरा इंची अलॉय रुंद टायरसह सतरा. अलॉय म्हणजे हलकं, ही समजूत इथे मोडते. ओतीव, जाड आरीचं अलॉय लोखंडी रिमपेक्षा जड असू शकतं.

साडेतीन किलो गुणिले चार, चौदा किलो. चाकाचं वजन पुढेही सरकतं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग घेताना ते जास्तीत जास्त दुप्पट धरावं, म्हणजे २८ किलो. डिकीत एक शाळकरी पोर बसवल्यासारखं. "चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर चहा पिऊन निघा. वजनाचा फरक पडतो, पण घेराच्या मानाने तो लहान भाऊ आहे. त्यामुळे घेर बरोबर असेल तर केवळ वजनासाठी अलॉय विकायची घाई करू नका.

आठवी : घासतंय का

टॉर्च घेऊन चाकाच्या आतल्या बाजूला बघा. प्लास्टिकच्या लाइनरवर चकाकलेला पट्टा, टायरच्या खांद्यावर रेघोट्या, म्हणजे घासतंय. दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, आणि मागे माणसं बसवून परत बघा. ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा स्ट्रटवर (चाकामागचा शॉकअब) खूण दिसली तर तपासणी इथेच थांबवा. ती गाडी चालवायचीच नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात स्वस्त उपाय : एक गिअर खाली चालवा. विनोद नाही. लांब झालेल्या गिअरची भरपाई म्हणजे घाटात दुसरा लवकर टाकणं आणि पाचवा उशिरा टाकणं. इंजिन गुरगुरत ठेवण्यापेक्षा फेरे थोडे जास्त असलेले बरे. एएमटी गाडी (स्वतः गिअर बदलणारी) घाटात दोन-तीन, दोन-तीन असा गिअरचा खेळ करत असेल तर लिव्हर मॅन्युअलला घ्या.

खरा उपाय : रिम ठेवा, टायर बदला. स्विफ्टच्या पंधरा इंची रिमला कंपनीच्याच मापाचा १८५/६५ आर१५ घाला, किंवा थोडा रुंद हवाच तर १९५/६० आर१५, उंची ६१५. सोळा इंची घेऊन बसला असाल तर १९५/५५ आर१६, उंची ६२०.९, मूळच्या अगदी जवळ. रिमची रुंदी त्या टायरला चालते का ते दुकानात विचारा. टायरवर मापानंतर जो भाराचा आकडा असतो तो मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका : ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडेही बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मोठे टायर फारसे झिजलेले नसतील तर दुकानदार काहीतरी किंमत देतो.

उलट चूकही करू नका. पिकअप हवा म्हणून एका पोराने स्विफ्टला १९५/५० आर१५ टाकले. उंची ५७६, मूळपेक्षा सात टक्के लहान. गाडी उठायची झकास. पण १०० च्या वेगाला जिथे इंजिन ३००० फेरे घ्यायचं तिथे ३२०० च्या वर गेलं, काटा १०० ला १०७ च्या पुढे सांगायला लागला, आणि गाडी २२ मिमी खाली बसली. गावातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरला सायलेन्सर टेकला. महिन्यात परत आला.

ईसीयू रिमॅप करून देतो, म्हणजे इंजिनच्या संगणकातला प्रोग्राम बदलून देतो, म्हणणारे भेटतील. त्याने इंजिनची ताकद वाढू शकते, पण लांब झालेले गिअर आखूड होत नाहीत; आणि वॉरंटीचं काय ते आधी लिहून घ्या. बोलेरोसारख्या मागून ओढणाऱ्या गाडीत क्राउन-पिनियन (मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी) बदलून फायनल ड्राइव्ह आखूड करता येते, मोठे टायर ठेवायचेच असतील तर तोच न्याय्य रस्ता. पण ते घरी करायचं काम नाही. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक ताण) आणि दातांची पकड चुकली तर मागचा एक्सल रडायला लागतो आणि सगळा खर्च पुन्हा. पुढून ओढणाऱ्या छोट्या गाडीत हा विचारच सोडा.

इथे थांबा आणि मेकॅनिककडे जा

- क्लच घसरतोय असं चौथ्या तपासणीत दिसलं. तो तसाच दामटला तर फ्लायव्हीलही (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते ती इंजिनची चकती) जातं आणि बिल दुपटीने वाढतं.
- एबीएसचा दिवा लागलाय. त्याचे सेन्सर चाकांच्या फेऱ्यांवरच चालतात.
- एखादं चाक कायम तापतंय, किंवा वेगाबरोबर वाढणारी घरघर येतेय. बेअरिंग किंवा कॅलिपर.
- रिम बसवण्यासाठी कोणी स्पेसर (रिमच्या मागे टाकायच्या चकत्या) टाकलेत, किंवा नट तीन-चार आट्यांवरच धरलेत. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा.
- ६० ते ८० दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंगने गेलं तर ठीक. नाही गेलं तर रिमचं मधलं भोक हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बरोबर बसत नाही का, हे बघायला लावा.

कागदांचंही एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टायरवरचे आकडे वाचतो, आणि तो माझ्यापेक्षा बारीक वाचतो. कंपनीने तुमच्या मॉडेलच्या कुठल्याही प्रकारात जे माप दिलंय त्यातच राहिलात तर तुमची बाजू भक्कम राहते.

मेढ्याच्या सरांनी शेवटी १८५/६५ घातले. मोठे टायर गावातल्या कोणाच्या तरी ट्रॉलीला गेले म्हणे.